ओमाहाचे दिवस: कॉलेज वर्ल्ड सिरीज २०२५ (चर्चा, वेळा, अंदाज, भांडणं)

उत्तरायण | ११ जून २०२५

शुक्रवारपासून आमच्या गावात, नेब्रास्कातल्या ओमाहात, कॉलेज बेसबॉलची वर्ल्ड सिरीज सुरू होतेय. गेल्या वर्षी टेनेसीने टेक्सास ए अँड एमला शेवटच्या सामन्यात ६-५ ने हरवलं, तेव्हाच्या गप्पा गप्पांच्या पानावर वाहून गेल्या. म्हणून यंदा वेगळा धागा.

नवख्यांसाठी थोडक्यात. ही स्पर्धा १९४७ ला मिशिगनमधल्या कलामाझूत सुरू झाली. कॅलिफोर्नियाने येलला हरवलं, आणि येलकडून पहिल्या बेसवर खेळणारा मुलगा पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झाला, थोरले जॉर्ज बुश. १९५० पासून मात्र स्पर्धा ओमाहा सोडून कुठे गेलेली नाही. २०१० पर्यंत प्राणिसंग्रहालयाला खेटून असलेल्या रोझेनब्लॅट मैदानावर, २०११ पासून गावाच्या मध्यातल्या नव्या मैदानावर. त्याचं सध्याचं नाव चार्ल्स श्वाब फील्ड, माणसं मावतात चोवीस हजारांच्या आसपास. करार २०३५ पर्यंत आहे, त्यामुळे निदान तोवर आमचा जून ठरलेला.

देशभरातून ६४ संघ निवडतात. १६ ठिकाणी चार-चार संघ, दोनदा हरला तो घरी. उरलेल्या १६ जणांच्या आठ जोड्या, तीनपैकी दोन जिंकेल तो ओमाहाला. इथे पुन्हा चार-चारचे दोन गट, पुन्हा दोनदा हरला की घरी. दोन गटविजेत्यांमध्ये अंतिम मालिका, तीनपैकी दोन. यंदाचे आठ:

एका गटात ॲरिझोना, कोस्टल कॅरोलायना, ओरेगन स्टेट, लुईव्हिल.
दुसऱ्यात मरे स्टेट, यूसीएलए, आर्कान्सा, एलएसयू (लुझियाना स्टेट).

पहिलं मानांकन व्हँडरबिल्टला होतं, ते स्वतःच्या अंगणात गारद. दुसरं टेक्सासला, त्यांनाही घरच्या मैदानावर सॅन अँटोनिओच्या यूटीएसएने घालवलं.

आता माझा मुद्दा, ज्यावर दरवर्षी इथे वाद होतो. ही स्पर्धा बघताना धावफलक नंतर बघा, आधी हात मोजा. चांगला पिचर (चेंडू टाकणारा) शंभरेक चेंडू टाकून गेला की पुढचे पाच-सहा दिवस त्याचा उपयोग नाही. कॉलेजचे संघ मोसमभर शुक्रवार-शनिवार-रविवार खेळतात, त्यामुळे सुरुवात करणारे भरवशाचे पिचर असतात तीन. पहिला सामना हरलात तर गट जिंकायला ओळीने चार सामने जिंकावे लागतात. न हरणाऱ्याला तीनच, आणि मध्ये विश्रांती. चौथ्या सामन्यात चेंडू कोणाच्या हातात देणार, हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारायचा असतो.

भारतातल्यांसाठी वेळा: दुपारचा सामना म्हणजे तुमचे रात्रीचे ११:३०, संध्याकाळचा म्हणजे पहाटे ४:३०.

झेलबाद | ११ जून

वाचतोय. एक बाळबोध प्रश्न. एकदा हरूनही जिवंत राहायची मुभा म्हणजे आयपीएलमध्ये पहिल्या दोन संघांना मिळते तसंच ना?

आणि दुसरा, जरा कमी बाळबोध. मोठी (व्यावसायिक) लीग सोडून पोरांचे सामने का बघायचे? रणजी बघायला आपल्याकडे स्टँडमध्ये माणूस नसतो.

उत्तरायण | ११ जून

तिथे ती मुभा वरच्या दोघांनाच. इथे सगळ्यांना, अगदी तळातून आलेल्या मरे स्टेटलासुद्धा.

दुसऱ्याचं उत्तर आर्कान्सावाले देतील. त्यांच्या राज्यात मोठ्या लीगचा संघच नाही.

बेंटनव्हिलकर | ११ जून

हाक मारलीत, आलो. इथे बेसबॉल म्हणजे कॉलेज. फेटव्हिलचं (आमच्या विद्यापीठाचं गाव) मैदान फेब्रुवारीच्या थंडीतही भरतं. आमच्या महाराष्ट्र मंडळात क्रिकेटचे दोन आणि बेसबॉलचा एक गट आहे, आणि भांडणं तिसऱ्यातच जास्त होतात.

पण एक सांगून ठेवतो. आर्कान्साने ही स्पर्धा आजवर एकदाही जिंकलेली नाही. १९७९ ला आणि २०१८ ला अंतिम फेरीपर्यंत जाऊन परत. २०१८ बद्दल कोणी काही विचारू नये ही नम्र विनंती.

मिसिसिपीकाठी | ११ जून

२०१८ ला काय झालं होतं हो? :)

(बॅटन रूजहून, जांभळ्या-सोनेरी टी-शर्टात.)

बेंटनव्हिलकर | ११ जून

एलएसयूवाल्या येणार हे माहीत होतं. ठीक, मीच सांगतो, दुसऱ्या कोणी सांगितलं तर जास्त दुखतं.

ओरेगन स्टेटविरुद्ध पहिला सामना आम्ही जिंकलेला. दुसऱ्यात ३-२ ने पुढे, शेवटची म्हणजे नववी इनिंग, त्यांचे दोन बाद. कॅडिन ग्रेनियरने उजवीकडे फाउल हद्दीत उंच उडवला. पहिल्या बेसवाला धावला, दुसऱ्या बेसवाला धावला, राइट फिल्डरही धावला. तिघांच्या मधोमध चेंडू जमिनीवर पडला. कोणीही एकाने हात पुढे केला असता तर करंडक फेटव्हिलला. जीवदान मिळालेल्या ग्रेनियरने बरोबरी साधून दिली, पाठोपाठ ट्रेव्हर लार्नाकचा होम रन (आपल्या षटकारासारखा), ५-३. दुसऱ्या दिवशी केव्हिन एबल नावाच्या पहिल्या वर्षाच्या पोराने आम्हाला एक धाव करू दिली नाही. ५-०.

आप्पा_डोंबिवली | १२ जून

पहाटे साडेचारला मी तसाही उठलेलो असतो, त्यामुळे माझी सोय झाली. चिरंजीव ओहायोत असल्यापासून नाद लागला. गेल्या वर्षीच्या चर्चेत कुमार रॉकरचा उल्लेख होता, तो मुलगा आपल्याकडचा का?

उत्तरायण | १२ जून

आप्पा, आईकडून भारतीय. वडील ट्रेसी रॉकर अमेरिकन फुटबॉलमधले नावाजलेले. कुमार व्हँडरबिल्टकडून खेळला. २०१९ ला पहिल्या वर्षाला असताना ड्यूकविरुद्ध त्याने नो-हिटर टाकला (अख्ख्या सामन्यात एकही हिट, म्हणजे फटका मारून बेस गाठणं, नाही), १९ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद). तो सामना हरले असते तर व्हँडरबिल्टचा मोसम तिथेच संपला असता. ओमाहाला येऊन ते विजेते झाले आणि सर्वोत्तम खेळाडू तोच. पण हातांचा हिशोब त्यालाही चुकला नाही. २०२१ च्या निर्णायक सामन्यात कमी विश्रांतीवर उतरला, मिसिसिपी स्टेटने धुतला. आता टेक्सास रेंजर्सकडे आहे.

आप्पा_डोंबिवली | १२ जून

म्हणजे पहिल्या पंगतीलाच श्रीखंड वाढून संपवलं की शेवटच्या पंगतीला ताक.

सुगरण_नव्हे | १३ जून

मी नेब्रास्कातच, लिंकनला. बेसबॉल कळत नाही, पण दरवर्षी एक दिवस जाते. मैदानाच्या आत जाण्याआधी बाहेरच दोन तास जातात. गाड्यांच्या मागे शेगड्या, लुझियानावाले मोठाल्या पातेल्यात जांबालाया (तिकडचा मसालेभात) ढवळत असतात आणि ओळख ना पाळख, हातात डिश देतात. समोरच्या रोकोज बारमध्ये जेलोचे शॉट कोणत्या कॉलेजच्या लोकांनी किती रिचवले याचा फळा असतो. २०२३ ला एलएसयूचा आकडा ६८,८८८ वर गेला होता. त्यातला काही पैसा अन्नपेढ्यांना जातो, म्हणजे पुण्यही लागतं.

जाणाऱ्यांना सल्ला: आउटफिल्डचं तिकीट घ्या. जागा ठरलेली नसते, दार उघडलं की धावायचं. आणि जूनचं ऊन तिथे थेट डोक्यावर, टोपी हवीच.

मिसिसिपीकाठी | १३ जून

पातेली आमचीच. या नक्की.

उत्तरायण | १५ जून

पहिली फेरी झाली. कोस्टल ७, ॲरिझोना ४. ओरेगन स्टेट ४, लुईव्हिल ३, शेवटच्या इनिंगमध्ये गेव्हिन टर्लीच्या फटक्यावर. यूसीएलए ६, मरे स्टेट ४. आणि काल रात्री एलएसयू ४, आर्कान्सा १.

एलएसयूचा डावखुरा केड अँडरसन फार शांत डोक्याचा पिचर. शनिवारी सात इनिंग टाकल्या. आता वही काढा. एलएसयू हरलं नाही तर अंतिम मालिका पुढच्या शनिवारी, म्हणजे अँडरसनला पूर्ण आठवडा विश्रांती. आर्कान्साला मात्र उद्यापासून रोजच्या रोज मरणाचा सामना.

बेंटनव्हिलकर | १५ जून

वही फेकून दिली.

झेलबाद | १६ जून

काल रात्री कुठल्या तरी क्लिपमध्ये बॅटचा आवाज ऐकला. टण्! डबा पडल्यासारखा. हे काय?

उत्तरायण | १६ जून

अ‍ॅल्युमिनियम. मोठ्या लीगमध्ये लाकडी, कॉलेजात धातूची चालते. पूर्वी त्या बॅटी इतक्या तापट होत्या की सामने वीस-वीस धावांचे व्हायचे. १९९८ ची अंतिम लढत सदर्न कॅलिफोर्नियाने २१-१४ ने जिंकली होती, बेसबॉलमध्ये! २०११ पासून बॅटींवर कडक नियम आले आणि त्याच वर्षी नवं मैदान. इथे मधल्या बाजूची भिंत ४०८ फुटांवर, वारा बरेचदा आत वाहणारा. होम रन आटले. आता हळूहळू परत वाढलेत, पण या मैदानावर अजूनही पिचरला मान आहे.

बेंटनव्हिलकर | १६ जून, दुपार

कोणी बघतंय का??? लावा!! लगेच!!

आप्पा_डोंबिवली | १७ जून, ००:५०

लावलंय. झोप गेली.

बेंटनव्हिलकर | १६ जून, संध्याकाळ

गेज वूड. नो-हिटर. १९ स्ट्राइकआउट. आर्कान्सा ३, मरे स्टेट ०.

नीट लिहितो, हात थरथरतोय. सात इनिंगपर्यंत एकही माणूस बेसवर पोचला नव्हता. आठव्यात एका फलंदाजाच्या अंगाला चेंडू लागला, तेवढंच गालबोट. बाकी त्याचा वेगवान चेंडू छातीच्या उंचीवर येत होता आणि मरे स्टेटची पोरं त्याच्या खालून बॅट फिरवत होती, एकामागून एक, माहीत असून. नवव्या इनिंगमध्येही वेग उतरला नाही. ११९ चेंडू. शेजारी बसलेले मरे स्टेटचे काका उभे राहून टाळ्या वाजवत होते.

ओमाहात याआधी असं दोनदाच झालंय, १९५० आणि १९६०. म्हणजे ६५ वर्षांनी.

झेलबाद | १७ जून

हार्दिक अभिनंदन! पण धागाकर्त्यांच्या वहीप्रमाणे... वूड आता संपला ना?

उत्तरायण | १७ जून

तेच लिहायला आलो होतो, पण काल कोणाच्या आनंदात मिठाचा खडा टाकायचा नव्हता. हो. निदान या गटापुरता संपला. आज यूसीएलएशी, ते जिंकले तर उद्या एलएसयूशी, आणि एलएसयूला दोनदा हरवायचं.

दरम्यान एलएसयू-यूसीएलए सामना पावसाने अर्ध्यावर थांबला होता, आज सकाळी पूर्ण केला. एलएसयू ९-५.

मरे स्टेटबद्दल दोन शब्द. केंटकीतलं छोटं गाव. आधी मिसिसिपीत ओल मिसच्या घरात, मग ड्यूकच्या घरात जाऊन जिंकून आले. चौघांच्या गटातल्या चौथ्या म्हणजे शेवटच्या मानांकनावरून इथवर येणं किती कठीण, तर २००८ चं फ्रेस्नो स्टेट, २०१२ चं स्टोनी ब्रुक, २०२३ चं ओरल रॉबर्ट्स एवढीच नावं पटकन आठवतात. त्यातलं फ्रेस्नो तर करंडक घेऊनच गेलं.

निंबोणी | १७ जून

मूकवाचक, पहिलाच प्रतिसाद. मुलगा हायस्कूलमध्ये पिचिंग करतो म्हणून विचारते. वीस-एकवीस वर्षांच्या मुलाला ११९ चेंडू टाकायला लावणं योग्य आहे? आमच्याकडे शाळेत चेंडू मोजायला वेगळा माणूस बसतो, ठरलेल्या आकड्याला हात थांबवतात. कॉलेजात काहीच मर्यादा नाही?

उत्तरायण | १७ जून

निंबोणीताई, नियमाने नाही. सगळं प्रशिक्षकाच्या विवेकावर. वूडला आठव्या इनिंगनंतर काढलं असतं तर फेटव्हिलमध्ये दंगल झाली असती हे खरं, पण म्हणून तुमचा प्रश्न खोटा ठरत नाही. पूर्वीपेक्षा बरीच सुधारणा आहे. मोठ्या लीगचे लोक लाखो डॉलर्स मोजणार असतात, त्यांचीही नजर असते.

बेंटनव्हिलकर | १७ जून

त्या मुलाला विचारा, तो काय म्हणेल.

निंबोणी | १७ जून

मुलाला विचारून काय होणार? माझाही "अजून एकच इनिंग" म्हणतो. म्हणूनच मोठ्या माणसांनी थांबवायचं असतं.

मिसिसिपीकाठी | १७ जून

निंबोणीला १०० टक्के अनुमोदन, आणि हे मी आमच्या संघासाठीही म्हणतेय.

उत्तरायण | १८ जून

आर्कान्सा ७, यूसीएलए ३. तिकडे लुईव्हिलने ओरेगन स्टेटला ७-६ ने घालवलं. आज संध्याकाळी एलएसयू-आर्कान्सा. कोस्टलने दुपारी लुईव्हिलला ११-३ ने उडवलं, ते अंतिम फेरीत. सलग २६ विजय!

आप्पा_डोंबिवली | १९ जून

बेंटनव्हिलकर, आहात का?

मिसिसिपीकाठी | १९ जून

मी आज चिडवणार नाही.

इतरांसाठी: नवव्या इनिंगच्या सुरुवातीला आर्कान्साने दोन धावा काढून ५-३ आघाडी घेतली. मग आमचे दोन बाद झाल्यावर आमच्या लुईस हर्नांडेझने डावीकडे सरळ फटका मारला. लेफ्ट फिल्डर पुढे आला, घसरला, चेंडू मागे गेला, दोन धावा. मग आमच्याच जॅरेड जोन्सचा फटका दुसऱ्या बेसवाल्याच्या ग्लोव्हला लागून सुटला आणि सामना खलास. ६-५.

बेंटनव्हिलकर | १९ जून

आहे. २०१८ ला उजवीकडे, या वेळी डावीकडे. २०३० साली मधोमध पडेल.

कोणीही त्या लेफ्ट फिल्डरबद्दल वाकडं लिहू नये. मोसमभर त्याच्याच बॅटवर आम्ही इथे आलो. आणि डेव्ह व्हॅन हॉर्न २००३ पासून हा संघ चालवतायत, त्यांनाही आज मोकळं सोडा.

झेलबाद | १९ जून

वाईट वाटलं हो. पण पुन्हा तेच. २०१९ पासूनचे विजेते काढून बघितले: व्हँडरबिल्ट, मिसिसिपी स्टेट, ओल मिस, एलएसयू, टेनेसी. २०२० ला कोविडमुळे स्पर्धाच नव्हती. सगळे एकाच आग्नेय पट्ट्यातल्या एसईसी या कॉलेजांच्या गटाचे. पैसा आणि ऊन ज्यांच्याकडे, करंडक त्यांच्याकडे. मग इतरांनी बघायचं कशाला?

उत्तरायण | १९ जून

ऊन हा खरा मुद्दा. मोसम फेब्रुवारीच्या मध्यात सुरू होतो, तेव्हा इथे बर्फ असतो. उत्तरेचे संघ पहिले काही आठवडे दक्षिणेत फिरून पाहुण्यांसारखे खेळतात. बिग टेन या उत्तरेकडच्या गटातल्या संघाने शेवटचं विजेतेपद मिळवलं ते १९६६ ला, ओहायो स्टेटने. पण ओरेगन स्टेटला कुठलं ऊन? तरी तीनदा विजेते.

पैशाबद्दल मात्र वाद घालणार नाही. आतापर्यंत एका संघाला मिळून ११.७ शिष्यवृत्त्या वाटता यायच्या, त्यामुळे तुकडे करून द्यायच्या. आता ती मर्यादा जाऊन संघात ३४ खेळाडू आणि सगळ्यांना पूर्ण शिष्यवृत्ती द्यायची मुभा येतेय. ज्यांच्याकडे आहे ते देतील. वर ट्रान्स्फरचं दार उघडं, छोट्या कॉलेजात चमकलेला पोरगा पुढच्या वर्षी मोठ्याकडे. मरे स्टेटची आजची पोरं पुढच्या जूनमध्ये कुठल्या शर्टात दिसतील बघा.

म्हणून यंदा कोस्टल. दक्षिण कॅरोलायनात समुद्राजवळचं कॉलेज, २०१६ ला पहिल्यांदा आले आणि जिंकूनच गेले. माझा पाठिंबा कोंबड्याला (त्यांचं चिन्ह).

उत्तरायण | २१ जून, रात्री

एलएसयू १, कोस्टल ०.

पहिल्याच इनिंगमध्ये स्टीव्हन मायलमच्या फटक्यावर एक धाव आली, मग अडीच तास दुसरी नाही. अँडरसनने नऊच्या नऊ इनिंग टाकल्या, तीन हिट, दहा स्ट्राइकआउट, १३० चेंडू. नवव्यात तो परत पिचरच्या टेकडीवर आला तेव्हा आमच्या बाजूचा कोस्टलवाला मुलगा बापाला म्हणाला, "हा अजून कसा आहे?" आठवडाभर विश्रांती, बाळा.

कोस्टलचा पिचर फ्लुकीही काही कमी नव्हता. सहा इनिंग, तीच एक धाव, आणि पराभव त्याच्या नावावर.

निंबोणी | २१ जून

१३०.

मिसिसिपीकाठी | २१ जून

हो. आनंदही आहे आणि ते पण आहे.

आप्पा_डोंबिवली | २३ जून

दुसरा सामना आमच्याकडे मध्यरात्री बाराला. चहा ठेवून परत येईतो कोस्टलचे मुख्य प्रशिक्षक बाहेर! हा काय प्रकार? पहिलीच इनिंग चालू होती.

उत्तरायण | २३ जून

आप्पा, केव्हिन श्नॉल स्ट्राइकच्या निर्णयावरून बोलायला लागले. त्यावर वाद घालायचा नाही असा नियमच आहे. एकदा ताकीद, नंतर थेट बाहेर. ते थांबले नाहीत. पाठोपाठ पहिल्या बेसचे प्रशिक्षकही बाहेर, आणि त्या गडबडीत एक अंपायर अडखळून पडला. नियम बरोबर. पण विजेतेपदाच्या सामन्यात, पहिल्या इनिंगमध्ये, मी अंपायर असतो तर पाठ फिरवून चार पावलं चाललो असतो.

बेंटनव्हिलकर | २३ जून

असहमत. नियम फेब्रुवारीत लावता तर जूनमध्येही लावा. डगआउटमध्ये अठरा वर्षांची पोरं बसलेली असतात, ती बघत असतात.

झेलबाद | २३ जून

अंपायर म्हणून उत्तरायणांना नेमा, सामने आठवडाभर चालतील.

मिसिसिपीकाठी | २३ जून

५-३!!! चौथ्या इनिंगमध्ये चार धावा, पुढे अँथनी आयन्सनने सांभाळलं, शेवट चेस शोर्सने. आठवं विजेतेपद. प्रशिक्षक जे जॉन्सन आल्यापासून चार मोसमांत दुसरं. वरती फक्त सदर्न कॅलिफोर्निया, बारा. पोरं एकमेकांवर ढीग करून पडली, त्या ढिगाच्या तळाशी कॅचर असतो, त्याच्या आईचा जीव माझ्यासारखाच वर-खाली होत असणार.

झेलबाद, तुमच्या यादीत आणखी एक एसईसी घाला.

झेलबाद | २३ जून

घातला. सलग सहा. मी म्हटलं होतं.

उत्तरायण | १५ जुलै

धागा वर काढतोय. मोठ्या लीगची निवड झाली. अँडरसन तिसरा, सिॲटल मरिनर्सकडे. गेज वूड २६ वा, फिलाडेल्फियाकडे.

बेंटनव्हिलकर | १५ जुलै

वूडला शुभेच्छा. आमच्याकडे आता निम्मा संघ नवा असणार, कोण येतंय कोण जातंय याची यादी रोज बदलतेय. फेब्रुवारीत पहिल्या आठवड्याला मंडळातले सगळे फेटव्हिलला जाणार आहोत, गाडीत जागा आहे. निंबोणीताई, मुलाला घेऊन या.

निंबोणी | १६ जुलै

तारीख कळवा. त्याच्या शाळेची परीक्षा नसेल तर येतो.